ईएक्स, टू-सी, टी-सिक्स: प्रेशर सेन्सरच्या नेमप्लेटवर खरे काय लिहिलेले असते

रासायनिक कारखान्यांच्या खरेदी विभागातून प्रेशर ट्रान्समीटरसाठी जी मागणीपत्रे निघतात, त्यांतल्या पुष्कळ पत्रांत स्फोटसुरक्षेविषयी एकच ओळ असते: 'फ्लेमप्रूफ, टू-सी, टी-सिक्स'. लिहिणाऱ्याचा हिशोब सरळ असतो. वायुगटांत टू-सी सगळ्यांत कडक, तापमानवर्गांत टी-सिक्स सगळ्यांत कडक. दोन्ही मागून ठेवले की उपकरण कुठेही लावा, काळजी नाही. हा हिशोब अर्धाच बरोबर आहे आणि उरलेला अर्धा महागात पडू शकतो.

नेमप्लेटवरच्या खुणा म्हणजे उपकरणाला मिळालेले गुण नव्हेत. औषधाच्या वेष्टनावर ते कोणी, किती घ्यावे आणि कशाबरोबर घेऊ नये हे छापलेले असते, तशी ही अटींची यादी आहे. अमुक जागी, अमुक वायूत, अमुक तापमानापर्यंत आणि अमुक पद्धतीने जोडले, तर हे उपकरण स्फोटाचे कारण ठरणार नाही, एवढेच ती सांगते. प्रेशर सेन्सरच्या बाबतीत ही यादी आणखी नाजूक होते, कारण हे उपकरण सीमेवर बसते. त्याचे एक तोंड पाइपमधल्या द्रव्याला भिडलेले असते आणि दुसऱ्या टोकाची तार कंट्रोल रूमपर्यंत गेलेली असते. म्हणून या उपकरणाच्या प्लेटवर टू-सी आणि टी-सिक्सपेक्षा दोन लहान चिन्हे अधिक महत्त्वाची ठरतात: मधली तिरकी रेघ आणि प्रमाणपत्र क्रमांकाच्या शेवटी येणारे अक्षर. त्यांच्यापर्यंत क्रमाने जाऊ. प्लेटवर सगळे रोमन लिपीत असते. इथे ते प्लांटवर जसे उच्चारतात तसे लिहिले आहे.

आधी जागा, मग उपकरण

स्फोटाला तीन गोष्टी लागतात: जळणारा वायू, बाष्प किंवा धूळ, हवेतला ऑक्सिजन, आणि पेटवणारे कारण. रिफायनरीत किंवा डिस्टिलरीत पहिल्या दोन गोष्टी पूर्णपणे टाळता येत नाहीत, म्हणून बंदोबस्त तिसरीवर करावा लागतो. चोवीस व्होल्ट आणि चार ते वीस मिलिअँपिअरवर चालणारा ट्रान्समीटर काय पेटवणार, असे वाटू शकते. पण हायड्रोजन आणि हवेचे मिश्रण पेटायला सुमारे ०.०२ मिलिज्यूल ऊर्जा पुरते, प्रोपेनला सुमारे ०.२५. चोवीस व्होल्टवर भरलेल्या एक मायक्रोफॅरडच्या साध्या कपॅसिटरमध्ये जवळजवळ ०.२९ मिलिज्यूल साठलेली असते. म्हणजे हायड्रोजनच्या गरजेच्या दहापटींहून अधिक.

म्हणून पहिला प्रश्न उपकरणाचा नसून जागेचा असतो. स्फोटक वायू जिथे सतत किंवा दीर्घकाळ असतो ती जागा झोन शून्य. उदाहरणार्थ, पेट्रोलच्या टाकीतली द्रवावरची पोकळी. नेहमीच्या कामकाजात जिथे तो अधूनमधून येणे शक्य आहे ती झोन एक. टाकीच्या श्वासनळीच्या तोंडाजवळचा भाग त्यात मोडतो. आणि जिथे तो सहसा येत नाही, आलाच तर थोडा वेळच राहतो, ती झोन दोन. भारतात ही आखणी आयएस ५५७२ या मानकानुसार होते, तेलउद्योगात त्याच्या जोडीला ओआयएसडी या तेलउद्योग सुरक्षा संचालनालयाचे मानक ११३ असते. वर्षाला हजार तासांवर झोन शून्य, दहा तासांखाली झोन दोन असा एक ठोकताळा सर्रास ऐकू येतो. तो सोयीचा आहे, पण मूळ आंतरराष्ट्रीय मानकात झोनच्या व्याख्येत तासांचे आकडे नाहीत. तिथे गळतीचा स्रोत आणि वायुवीजन यांचा विचार करून निर्णय घ्यावा लागतो.

या आखणीलाही मर्यादा आहेत. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळच्या सीतापुरा भागातल्या इंडियन ऑइलच्या डेपोत पेट्रोलची मोठी गळती झाली आणि सुमारे सव्वा तासाने बाष्पाच्या ढगाचा स्फोट झाला. चौकशी समितीने पेट घेण्याचे संभाव्य कारण म्हणून प्रशासकीय इमारतीतली फ्लेमप्रूफ नसलेली विद्युत उपकरणे किंवा आवारात सुरू केलेले वाहन यांच्याकडे बोट दाखवले. ढग एकदा रेषेबाहेर गेला की रेषेआतल्या नेमप्लेटा कितीही चांगल्या असल्या तरी उपयोग नसतो.

झोनचे उत्तर प्लेटवर अगदी शेवटी मिळते. जीए म्हणजे झोन शून्यालाही चालेल, जीबी म्हणजे झोन एकपर्यंत, जीसी म्हणजे फक्त झोन दोन. यातला जी वायूसाठी आहे. धुळीसाठी डीए, डीबी, डीसी आणि खाणींसाठी एमए, एमबी. ही संरक्षणपातळी आयईसी ६००७९-० या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २००७ च्या आवृत्तीपासून आली. युरोपीय प्लेटवर हीच गोष्ट श्रेणी १, २ आणि ३ अशा आकड्यांनीही सांगितलेली असते.

कोंडणे की भुकेले ठेवणे

झोन कळला की 'कसे वाचवले आहे' हा प्रश्न येतो. त्याचे उत्तर ईएक्सच्या लगेच पुढची लहान अक्षरे देतात. प्रेशर ट्रान्समीटरच्या जगात दोन पद्धतींचे राज्य आहे आणि दोन्हींचा जन्म कोळशाच्या खाणींत झाला.

पहिली डी, म्हणजे फ्लेमप्रूफ. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीत गेल्सेनकिर्शनच्या प्रायोगिक बोगद्यात कार्ल बायलिंग यांनी केलेल्या चाचण्यांतून ही कल्पना पक्की झाली. पेटीत वायू शिरणार हे गृहीत धरायचे, आत स्फोट होऊ द्यायचा, पण पेटी फुटू द्यायची नाही. झाकणाच्या आट्यांतून किंवा जोडाच्या अरुंद फटीतून बाहेर पडताना ज्वाला इतकी थंड झाली पाहिजे की बाहेरचा वायू पेटणार नाही. ही फट म्हणजे फ्लेमपाथ. पद्धतीचा सगळा जीव त्या फटीत आहे.

दुसरी आय, म्हणजे इंट्रिन्सिक सेफ्टी. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधल्या सेंगहेनिड खाणीतल्या स्फोटात ४३९ खाणकामगार गेले. संशयितांत खाणीतली विजेची घंटा होती. तिच्या उघड्या तारा टेकवून इशारा देताना ठिणगी पडत असे. त्या काळात ब्रिटनमध्ये थॉर्नटन आणि व्हीलर यांनी अशा घंटांच्या ठिणग्यांवर संशोधन केले आणि सर्किटमधली ऊर्जाच इतकी कमी ठेवायची की ठिणगी पडूनही काही पेटू नये, हे तत्त्व उभे राहिले. आज ट्रान्समीटरला वीज पुरवणारा झेनर बॅरियर किंवा आयसोलेटर हेच काम करतो. आयए असेल तर दोन बिघाड एकत्र झाले तरी सर्किट सुरक्षित राहते, आयबीमध्ये एक बिघाड धरलेला असतो, आयसीमध्ये फक्त नेहमीचे कामकाज.

प्लांटवर फरक पडतो तो देखभालीत. डी पद्धतीच्या ट्रान्समीटरचे झाकण वीज चालू असताना उघडता येत नाही. तशी सूचना पेटीवरच असते. आयए पद्धतीचा ट्रान्समीटर चालू लूपवर, योग्य प्रमाणित कॅलिब्रेटर लावून, जागेवरच तपासता येतो. मात्र त्यासाठी बॅरियरपासून सेन्सरपर्यंत सगळ्या साखळीचा हिशोब बसवावा लागतो. वाढीव सुरक्षेची ई, रेझिनमध्ये गाडून टाकण्याची एम, आत दाबाने स्वच्छ हवा भरण्याची पी अशा इतर पद्धतीही आहेत, पण प्रेशर सेन्सरवर त्या एकट्या क्वचितच दिसतात.

वायूचे दोन स्वभाव

यानंतर गट आणि तापमानवर्ग येतात. या दोन खुणा एकाच शिडीच्या पायऱ्या आहेत असे समजणे ही सर्वांत पसरलेली गैरसमजूत आहे. त्या वायूचे दोन वेगळे स्वभाव मोजतात.

गट विचारतो की ज्वाला किती अरुंद फटीतून पार होते आणि किती क्षीण ठिणगीने वायू पेटतो. प्रोपेनची ज्वाला ०.९२ मिलिमीटरपर्यंतच्या फटीत अडते, एथिलीनची ०.६५, हायड्रोजनची ०.२९. ०.९ च्या वरचे वायू टू-ए, ०.५ ते ०.९ मधले टू-बी, त्याखालचे टू-सी. टू-सीत प्रामुख्याने हायड्रोजन आणि अॅसिटिलीन येतात. साखर कारखान्यांना जोडलेल्या डिस्टिलऱ्यांतले इथेनॉल सीमारेषेला अगदी चिकटून, ०.८९ वर आहे, म्हणून आजच्या यादीत ते टू-बीत मोडते. खाणीतला मिथेन गट एकमध्ये वेगळा काढलेला आहे. प्लेटवर कधी 'टू-बी अधिक हायड्रोजन' असेही दिसते: पेटी टू-बीची, पण हायड्रोजनसाठी वेगळी तपासलेली.

तापमानवर्ग विचारतो की ठिणगी नसतानाही, नुसत्या तापलेल्या पृष्ठभागाने वायू पेटेल का. टी१ म्हणजे पृष्ठभाग कमाल ४५० अंश सेल्सिअस, टी२ म्हणजे ३००, टी३ म्हणजे २००, टी४ म्हणजे १३५, टी५ म्हणजे १००, टी६ म्हणजे ८५. आता गंमत बघा. ठिणगीला इतका हळवा असलेला हायड्रोजन स्वतःहून पेटायला सुमारे ५६० अंश मागतो; त्याला टी१ पुरतो. अॅसिटिलीनला टी२, पेट्रोलच्या बाष्पाला टी३. टी६ खरोखर लागतो तो व्हिस्कोस रेयॉनच्या कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या कार्बन डायसल्फाइडसारख्या मोजक्या द्रव्यांना. ते जेमतेम ९० अंशांच्या आसपास पेटते. शहरांतल्या सीएनजी पंपावरच्या मिथेनला टू-ए आणि टी१ पुरेसे आहे. तिथल्या निविदेतही 'टू-सी, टी-सिक्स' मागितलेले असते.

टी-सिक्सची किंमत

जास्त मागितले तर बिघडले काय? गटाच्या बाबतीत फारसे काही नाही. टू-सीचे उपकरण टू-ए आणि टू-बीत खुशाल चालते. तापमानवर्गाच्या बाबतीत मात्र बिघडते. पृष्ठभागाचे कमाल तापमान म्हणजे उपकरणाने स्वतः निर्माण केलेली उष्णता आणि भोवतालचे तापमान यांची बेरीज. म्हणून एकाच ट्रान्समीटरच्या प्रमाणपत्रात दोन ओळी असतात: टी४ साठी भोवताल, समजा, ८० अंशांपर्यंत चालेल, टी६ साठी ६० किंवा ४० पर्यंतच. वर्ग चढवला की भोवतालची मुभा उतरते.

प्लेटवर भोवतालची मर्यादा लिहिलेलीच नसेल, तर मानकानुसार ती उणे २० ते अधिक ४० अंश धरायची असते. विदर्भातल्या उन्हाळ्यात हे वाक्य कोरडे राहत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे सावलीतला पारा पंचेचाळीसच्या वर जातो. उन्हात तळपणाऱ्या पत्र्याच्या पेटीतले तापमान त्याहून वर. अशा जागी भोवतालचा उल्लेख नसलेला सेन्सर लावला, तर तो मे महिन्यात दुपारभर आपल्या प्रमाणपत्राबाहेर काम करत असतो, मग त्याच्यावर टी-सिक्स कोरलेले असो वा नसो.

प्रेशर सेन्सरला आणखी एक उष्णता सोसावी लागते, ती पाइपमधल्या द्रव्याची. १८० अंशांच्या लाइनवर थेट बसवलेल्या सेन्सरचे डोके तापते ते स्वतःच्या विजेने नव्हे. म्हणून चांगल्या प्रमाणपत्रात प्रोसेस तापमानाचा वेगळा तक्ता असतो. वाफेच्या लाइनवर सायफन, इतर ठिकाणी लांब इम्पल्स लाइन किंवा कूलिंग एलिमेंट लावायचे कारण सेन्सरचे आयुष्य वाचवणे एवढेच नसते. त्यावर तापमानवर्गही टिकतो.

तिरकी रेघ

आता सीमेवर. टाकीच्या आत झोन शून्य आहे आणि टाकीच्या बाहेर, जिथे ट्रान्समीटरचे डोके आहे, तिथे झोन एक. मध्ये काय आहे? सेन्सरचा पडदा, बहुतेक ३१६-एल स्टेनलेस स्टीलचा, केसाइतका किंवा त्याहूनही पातळ. त्याच्यामागे सिलिकोन तेल आणि त्याच्यामागे मोजणारी चिप. दाब जाणवायचा तर पडदा पातळ हवा. दोन झोन वेगळे ठेवायचे तर भिंत जाड हवी. या ओढाताणीतून प्लेटवरची तिरकी रेघ येते. 'जीए/जीबी' म्हणजे पडद्याकडची बाजू झोन शून्यात चालेल, इलेक्ट्रॉनिक्सची बाजू झोन एकमध्ये. युरोपीय खुणेत तेच 'श्रेणी १/२' असे दिसते.

रेघेच्या जागी जीए एकटे असेल तर सगळे उपकरण झोन शून्यात ठेवता येते; ते सहसा आयएच्या बळावर. जीबी एकटे असेल, तर पेटी कितीही भक्कम असली तरी तिचे तोंड झोन शून्यात उघडता येणार नाही. टाकीच्या माथ्यावर ट्रान्समीटर लावताना पेटी कुठे आहे तेवढेच पाहून खरेदी होते, तोंड कुठे उघडते याचा विचार राहून जातो. ही चूक प्लेट वाचून थांबवता येते.

आयईसी ६००७९-२६ हे मानक या विभाजक भिंतीचेच आहे. भिंत जितकी पातळ, तितके इतर आधार जास्त मागितले जातात: गंजरोधक धातू, आयए सर्किट, मागे फ्लेमप्रूफ जोड किंवा वायुवीजन. उत्तर अमेरिकेत याच काळजीचे दुसरे रूप 'ड्युअल सील' या शेऱ्यात दिसते. पडदा फाटला तर दाबाखालचा वायू केबलच्या कंड्युटमधून थेट कंट्रोल रूमपर्यंत पोहोचू नये आणि गळती बाहेरून लक्षात यावी, यासाठी तो शेरा असतो. हायड्रोजनच्या उच्चदाब लाइनवर तर पडद्याला सोन्याचा मुलामा देतात, कारण हायड्रोजनचे अणू स्टीलमधूनही आत झिरपतात. तो मुलामा मोजमाप टिकवण्यासाठी असतो. स्फोटसुरक्षेच्या खुणेत त्याचा उल्लेख शोधू नये.

शेवटचे अक्षर

प्रमाणपत्राच्या क्रमांकाअखेर कधी यू असतो, कधी एक्स, कधी काहीच नसते. यू म्हणजे हा स्वतंत्र उपकरण नसून सुटा भाग आहे. तो दुसऱ्या प्रमाणित उपकरणात बसवल्याशिवाय वापरता येत नाही. एक्स म्हणजे वापराच्या विशेष अटी आहेत आणि त्या प्लेटवर नसून प्रमाणपत्रात आहेत.

प्रेशर ट्रान्समीटरवर एक्स फार वेळा असतो. अटीही ठरावीक आहेत. अॅल्युमिनियमची पेटी झोन शून्यात असेल तर आघात आणि घर्षणाच्या ठिणगीपासून जपा. रंगाचा थर जाड आहे, कोरड्या कापडाने पुसू नका, स्थिरविद्युत साठेल. पडदा एक मिलिमीटरहून पातळ आहे, त्याच्यावर गंजणारे द्रव्य घालू नका. सर्ज प्रोटेक्टर बसवला असेल तर हे सर्किट ५०० व्होल्टची इन्सुलेशन चाचणी सहन करत नाही, जोडणी करताना तसे गृहीत धरा. फ्लेमपाथ दुरुस्त करू नका, उत्पादकाला विचारा.

यांतली प्रत्येक अट साधी आहे आणि प्रत्येक अट जागेवरच्या माणसासाठी आहे. पण प्रमाणपत्र खरेदी विभागाच्या फाइलमध्ये राहते आणि ओले-कोरडे फडके हातात घेणारा माणूस ते कधीच पाहत नाही.

आयएचा हिशोब

प्लेटवर आयए असेल तर खाली बारीक अक्षरांत पाच आकडे असतात: सेन्सर बाहेरून कमाल किती व्होल्टेज, करंट आणि पॉवर सोसेल, आणि त्याच्या आत कपॅसिटन्स आणि इंडक्टन्स किती आहे. बॅरियरच्या प्लेटवर याच्याच जोडीचे पाच आकडे असतात: तो बिघाडात कमाल किती देईल आणि बाहेर किती साठवण जोडू देईल. नियम असा की सेन्सरची सहनशक्ती बॅरियरच्या देण्याइतकी किंवा त्याहून जास्त हवी, आणि सेन्सर व केबल यांची मिळून साठवण बॅरियरच्या मुभेत बसली पाहिजे.

एक नमुना घेऊ. बॅरियर २८ व्होल्ट, ९३ मिलिअँपिअर, ०.६५ वॅट, ट्रान्समीटर ३० व्होल्ट, २०० मिलिअँपिअर, ०.९ वॅट सोसणारा. तिन्ही ठीक. २८ व्होल्टला टू-सी वायूसाठी बाहेरची कपॅसिटन्स ८३ नॅनोफॅरडपर्यंत चालते. ट्रान्समीटरचे स्वतःचे १२ गेले, उरले ७१. केबलचे मीटरला ०.२ नॅनोफॅरड धरले तर ३५५ मीटर. हाच लूप टू-बी वायूत असता तर मुभा ६५० नॅनोफॅरड झाली असती आणि केबल ३ किलोमीटरच्या पुढे गेली असती. म्हणजे मागणीपत्रात सवयीने लिहिलेले टू-सी इथे केबलची लांबी ठरवते. आणखी एक तपासणी राहते: बॅरियरचा ३०० ओहमचा रोध २० मिलिअँपिअरला ६ व्होल्ट खातो, कंट्रोल रूममधले २५० ओहम ५ व्होल्ट खातात, चोवीसमधून ट्रान्समीटरला १३ व्होल्ट उरतात. तेवढ्यावर तो चालतो का, हे पाहावे. लूप सुरक्षित आहे आणि सेन्सर अर्धमेला आहे, असेही होऊ शकते.

धूळही पेटते

वायूच्या चर्चेत धूळ मागे राहते. ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेत जॉर्जियातल्या पोर्ट वेंटवर्थ इथल्या इम्पीरियल शुगरच्या कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ माणसे गेली. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी साखर कारखाना आणि डिस्टिलरी एकाच आवारात असतात; तिथे सेन्सरच्या प्लेटवर वायूची आणि धुळीची, दोन्ही ओळी असणे कामाचे ठरते.

धुळीची ओळ 'ईएक्स टीबी थ्री-सी टी१३५ अंश डीबी' अशी दिसते. टीबी म्हणजे पेटीनेच धूळ बाहेर ठेवण्याची पद्धत. थ्री-ए म्हणजे कापसासारखे हवेत उडणारे तंतू, थ्री-बी म्हणजे साखर किंवा पिठासारखी वीजवाहक नसलेली धूळ, थ्री-सी म्हणजे अॅल्युमिनियमसारखी वीजवाहक. इथे तापमानाचे वर्ग नाहीत, थेट अंशच लिहितात, आणि वाचणाऱ्याने दोन हिशोब करायचे असतात. ते तापमान धुळीच्या ढगाच्या पेटण्याच्या तापमानाच्या दोन-तृतीयांशाहून जास्त नसावे. आणि पाच मिलिमीटर थराच्या पेटण्याच्या तापमानापेक्षा ते निदान ७५ अंशांनी कमी असावे. थर त्याहून जाड साचू दिला तर दुसरा हिशोब मोडतो. म्हणून धुळीच्या झोनमध्ये झाडू मारणे हीही सुरक्षेची अट असते.

शिक्के कोणाचे

प्लेटवरच्या खुणांची भाषा बहुतांशी एक असली तरी तिला मान्यता देणारे अनेक आहेत. युरोपात अॅटेक्स हा कायदा आहे. त्याचा आजचा निर्देश २०१४/३४ हा २० एप्रिल २०१६ पासून जुन्या ९४/९ च्या जागी आला. षट्कोनातले ईएक्सचे चिन्ह आणि सीईच्या पुढचा चार आकडी क्रमांक त्यातून येतो. तो क्रमांक उत्पादनाच्या गुणवत्तेवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचा असतो. प्रमाणपत्र देणारी संस्था वेगळी असू शकते. श्रेणी ३ च्या उपकरणावर हा क्रमांक नसतो, कारण तिथे उत्पादकाची स्वतःची घोषणा चालते. आयईसीईएक्स हा कायदा नसून आंतरराष्ट्रीय प्रमाणन व्यवस्था आहे. तिची प्रमाणपत्रे कोणालाही उघडून पाहता येतात, हा तिचा मोठा फायदा.

भारतात यांपैकी एक शिक्का असला म्हणून काम संपत नाही. पेट्रोलियम नियम २००२ खाली येणाऱ्या जागांसाठी पेसोची, म्हणजे पेट्रोलियम अँड एक्सप्लोझिव्ह्ज सेफ्टी ऑर्गनायझेशनची मंजुरी लागते. १८९८ पासूनच्या या खात्याचे मुख्यालय नागपुरात आहे आणि जुने लोक आजही मंजुरीला 'सीसीई अप्रूव्हल' म्हणतात, कारण ती चीफ कंट्रोलर ऑफ एक्सप्लोझिव्ह्ज यांच्या नावाने येते. खाणींसाठी धनबादचे डीजीएमएस हे खाणसुरक्षा महासंचालनालय, समुद्रातल्या तेलमंचांसाठी ओआयएसडी.

अमेरिकन प्लेट मात्र जपून वाचावी. तिथे जुनी पद्धत क्लास आणि डिव्हिजनची: क्लास वन म्हणजे वायू, डिव्हिजन वन हे साधारण झोन शून्य आणि एक मिळून. गटांची अक्षरे उलट्या क्रमाने धावतात. तिथे ए म्हणजे अॅसिटिलीन, बी हायड्रोजन, सी एथिलीन, डी प्रोपेन. आपल्याकडच्या सवयीने 'ग्रुप सी' म्हणजे सर्वांत कडक असे समजून तो सेन्सर हायड्रोजनवर लावला, तर प्लेट खोटे बोललेली नसते, वाचणारा चुकलेला असतो.

जुन्या प्लेटांवरची भाषाही निराळी आहे. ईच्या आधी आणखी एक ई असेल तर ती युरोपातल्या जुन्या मानकांची खूण. फ्लेमप्रूफची आजची खूण डीबी पूर्वी नुसती डी होती, ठिणगी न पाडणाऱ्या उपकरणांची एनए आता ईसी झाली आहे. अक्षर बदलले म्हणून जुना सेन्सर बाद होत नाही. पण बदली घेताना जुन्या प्लेटवरचा मजकूर जसाच्या तसा मागणीपत्रात उतरवला, तर पुरवठादारही गोंधळतो आणि तपासनीसही.

प्लेट जे सांगत नाही

ईएक्सची सगळी अक्षरे साधारण वातावरणाला धरून आहेत: दाब सुमारे ०.८ ते १.१ बार, ऑक्सिजन हवेइतका. ४०० बारचा सेन्सर आतला ४०० बार सहन करेल की नाही, हे ईएक्स सांगत नाही. शुद्ध ऑक्सिजनच्या लाइनवर तर ही खूण लागूच पडत नाही. तिथे तेलकटपणा काढून स्वच्छ केलेला वेगळा सेन्सर लागतो. आयपी ६७ म्हणजे पाणी-धूळ शिरणार नाही, स्फोटसुरक्षा नव्हे. एसआयएल म्हणजे गरजेच्या वेळी सेन्सर दगा देण्याची शक्यता किती कमी, हा आणखी तिसराच विषय.

आणि प्लेट बसवणाऱ्याच्या हाताविषयी काही सांगत नाही. फ्लेमप्रूफ पेटीला साधा ग्लँड लावला, न वापरलेल्या तोंडात प्लास्टिकची टोपी राहिली, मेट्रिक आट्यांत एनपीटी ग्लँड जबरदस्तीने फिरवला, की डी हे अक्षर तिथेच संपते. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत फ्लेमपाथवर गंज चढतो. तो पॉलिश पेपरने घासला की फट वाढते. शटडाउनमध्ये रंगारी पेटीबरोबर प्लेटही रंगवतो आणि गेज सेन्सरची हवा घेण्याची जाळीही. मग उपकरणाची ओळखही जाते आणि मोजमापही. आयईसी ६००७९-१७ मध्ये दृश्य, जवळून आणि सखोल अशा तीन तपासण्या दिल्या आहेत आणि तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय दोन तपासण्यांत तीन वर्षांहून अधिक अंतर नको असे म्हटले आहे.

एक सापळा खास ट्रान्समीटरचा आहे. अनेक मॉडेलांच्या प्लेटवर डी आणि आयए दोन्ही छापलेले असतात आणि शेजारी रिकामे चौकोन असतात. बसवताना जी पद्धत वापरली त्या चौकोनावर कायमची खूण करायची असते. कारण डी म्हणून बॅरियरशिवाय चाललेल्या ट्रान्समीटरमधले ऊर्जा रोखणारे भाग कधी जास्त व्होल्टेज खाऊन दुखावले असतील, ते बाहेरून कळत नाही. तो पुढे आयए म्हणून लावायचा नाही. स्टोअरमध्ये परत आलेल्या, चौकोन कोरे असलेल्या ट्रान्समीटरचे पूर्वायुष्य कोणालाच माहीत नसते.

यावर उपाय खर्चिक नाही. मागणीपत्रात 'फ्लेमप्रूफ, टू-सी, टी-सिक्स' या ओळीऐवजी सहा प्रश्नांची उत्तरे लिहावीत: पेटी कोणत्या झोनमध्ये, तोंड कोणत्या झोनमध्ये, वायू किंवा धूळ कोणती, भोवतालचे कमाल तापमान किती, लाइनमधले तापमान किती, आणि लूप बॅरियरवर आहे की थेट. गट, तापमानवर्ग, तिरकी रेघ सगळे त्यातून आपोआप ठरते, आणि बहुतेक ठिकाणी टी४ पुरेल असे दिसते. आणि प्रमाणपत्रावर एक्स असेल, तर त्याच्या अटींचे एक पान लूपच्या ड्रॉइंगला टाचून इन्स्ट्रुमेंट विभागाकडे द्यावे, त्यांना समजेल अशा भाषेत. स्फोटसुरक्षेतला सर्वांत स्वस्त कागद तोच आहे, आणि तोच सर्वांत कमी वेळा जागेवर सापडतो.